रिचमंडहून रिचमंडला, व्हाया रिचमंड

शुक्रवार

फ्लाइट रात्रीची, वॉशिंग्टनजवळचा डलस एअरपोर्ट गाठायला आय-९५ वर ट्रॅफिक नसेल तर दोन तास आणि असेल तर देव जाणे, तरी बाबांचा हट्ट की निघायच्या आधी ती टेकडी परत बघायची म्हणजे बघायचीच. मंदारने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, बॅगा डिकीत टाकल्या आणि आम्ही आधी लिबी हिलला.

आम्ही राहतो रिचमंडला, व्हर्जिनियातल्या. लिबी हिल म्हणजे गावातलंच एक छोटं पार्क. खाली तंबाखूच्या जमान्यातल्या विटांच्या जुन्या बिल्डिंगा (आता सगळ्यांचे महागडे अपार्टमेंट झालेत), त्यापलीकडे जेम्स नदी, आणि नदी तिथे एक मोठं झोकदार वळण घेते. त्या वळणामुळे आमच्या गावाला रिचमंड नाव पडलं, हे इथे शाळेतल्या पोरांनाही माहिती असतं. विल्यम बर्ड म्हणून इथला बडा जमीनदार होता, जन्म व्हर्जिनियातलाच पण लहानपणी शिकायला इंग्लंडला पाठवलेला, पुढेही कितीतरी वर्षं लंडनमध्येच काढलेली. त्याने १७३३ साली लिहून ठेवलंय की इथे धबधब्यांपाशी एक शहर वसवायचं, नाव रिचमंड, आणि दुसरं अ‍ॅपोमॅटॉक्स नदीवर, नाव पीटर्सबर्ग. १७३७ ला विल्यम मेयोकडून मोजणी करून प्लॉट पाडले आणि पेपरात जाहिरात दिली, की रस्ते ६५ फूट रुंद, जागा रम्य आणि आरोग्याला उत्तम. हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे एनए प्लॉट, रोड टच." अगदी तेच!

तर गोष्ट अशी सांगतात की बर्डला हे वळण बघून लंडनजवळच्या रिचमंड हिलवरून दिसणाऱ्या टेम्सची आठवण झाली म्हणून हे नाव. त्याच्या मालकीचे शेकडो गुलाम होते, आणि १६०७ मध्ये इंग्रज होड्या घेऊन धबधब्यांपर्यंत पोचले तेव्हा इथे पोव्हॅटन या मूळ रहिवाशांची वस्ती होती, पण वळणाच्या गोष्टीत यातलं कुणी येत नाही.

बाबा एप्रिलपासून आमच्याकडे आहेत. कराडला चाळीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला त्यांनी, त्यामुळे एखाद्या गावाचं नाव कुठून आलं कळल्याशिवाय त्यांना घास गिळत नाही. लंडनच्या रिचमंडलाही ते नाव मुळात यॉर्कशरच्या रिचमंडवरून मिळालंय हे त्यांना कळलं, झालं, ट्रिपचा प्लान तिथेच ठरला. उलट्या पावली जायचं. (बाबांच्या यूके व्हिसाचं पुराण वेगळं आहे, ते इथे नको.)

शनिवार

हीथ्रोला सकाळी उतरलो. आत्तेबहीण वैशूताई हाउन्स्लोला राहते, तिच्याकडे उतरायचं आधीच ठरलेलं. कांदेपोहे, चहा, आणि डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान. झोपून काढला दिवस. बाबा झोपले नाहीत, ते वैशूताईच्या नवऱ्याबरोबर बसरूट बघत बसले होते.

रविवार

हाउन्स्लोहून एच३७ नंबरची बस थेट रिचमंडला जाते. वरच्या मजल्याची बस नाहीये म्हणून बाबा थोडे नाराज, पण रिचमंड ब्रिजवरून बस गेली तसे खुलले. हा पूल १७७७ चा आहे, लंडनमध्ये टेम्सवर आज जे पूल आहेत त्यातला सगळ्यात जुना, पाच कमानींचा, आणि अजून त्यावरून बस जातात.

आधी रिचमंड ग्रीनवर गेलो. मोठं चौकोनी मैदान, चहूबाजूंनी जुनी घरं, मधे चक्क क्रिकेटची मॅच चाललेली, पांढरे कपडे, लाल बॉल, बाउंड्रीच्या बाहेर गवतावर सतरंज्या पसरून लोक बिअर पितायत. बाबांना तिथून हलवायला अर्धा तास लागला. एका काकांनी शॉर्ट लेगला कॅच सोडला तेव्हा बाबांनी "अरे!!" असा आवाज काढला की दोन-तीन गोऱ्यांनी वळून बघितलं आणि मान डोलावली, दुःख कळलं त्यांना.

ग्रीनच्या एका कोपऱ्यात एक जुना विटांचा दरवाजा आहे. कुणी दाखवलं नाही तर पुढे निघून जाल असा. कमानीच्या वर दगडात कोरलेलं राजचिन्ह, सातव्या हेन्रीचं. एकेकाळचा रिचमंड पॅलेस म्हणजे आता एवढंच, हा दरवाजा आणि बाजूच्या एक-दोन इमारती. आणि जगातली निम्म्याहून जास्त रिचमंडं या दरवाज्यातून बाहेर पडलीत असं मला तिथे उभं राहून वाटलं, म्हणजे हा माझा अंदाज हां, मोजायला कोण गेलंय.

झालं असं की या जागेचं नाव मुळात शीन. राजाची जुनी हवेली होती इथे. दुसऱ्या रिचर्डची राणी अ‍ॅन १३९४ मध्ये इथे गेली तर त्याने दुःखाच्या भरात अख्खा वाडाच पाडायला लावला. पुढच्या राजांनी परत बांधला. १४९७ च्या डिसेंबरमध्ये सातवा हेन्री सगळ्या गोतावळ्यासह ख्रिसमसला इथे असताना आग लागली आणि वाडा परत गेला. हेन्रीने तो नव्याने बांधला, आधीपेक्षा भारी, आणि १५०१ च्या सुमारास नाव ठेवलं रिचमंड. का, तर राजा व्हायच्या आधी तो होता अर्ल ऑफ रिचमंड, आणि त्याच्या आधी त्याचे वडील एडमंड ट्यूडर. त्या वडिलांचं तोंडही हेन्रीने बघितलं नव्हतं, ते १४५६ मध्ये गेले आणि हा जन्मला १४५७ च्या जानेवारीत. तरुणपणाची चौदा वर्षं हा माणूस ब्रिटनी (आजच्या फ्रान्सचा वायव्य भाग) आणि फ्रान्समध्ये परागंदा होऊन राहत होता, तेव्हा जवळ ना जमीन ना सत्ता, नुसती उपाधी होती सांगायला. मग गादी मिळाल्यावर ते नाव घरावर लावावंसं वाटलं तर त्यात नवल काय.

मंदारला हे कारण फारच बोअर वाटलं. त्याचं म्हणणं, बर्डने निदान नदी तरी बघितली, राजाने नुसतं आपलंच नाव चिकटवलं. मला उलट वाटतं. टेकडी, नदी, वळण हे सगळं आधीपासून तिथेच होतं, त्याला शीन म्हणत होते. एका माणसाने मनावर घेतलं नसतं तर आज आमच्या गाडीच्या नंबरप्लेटखाली डीलरने शीन, व्हर्जिनिया असं छापलं असतं. जुनं नाव गेलं नाही मात्र पूर्ण, बाजूला ईस्ट शीन आणि नॉर्थ शीन अजून आहेत, नॉर्थ शीन तर रेल्वे स्टेशनच आहे, रिचमंडच्या पुढचं.

इथेच १५०९ मध्ये सातवा हेन्री वारला, आणि २४ मार्च १६०३ ला पहिली एलिझाबेथही. पुढे राजेशाही गेली तेव्हा क्रॉमवेलच्या लोकांनी पॅलेस विकून टाकला आणि घेणाऱ्यांनी दगडसुद्धा सोडले नाहीत.

सोमवार

आज टेकडी. रिचमंड हिल ही टेकडी स्टेशनपासून चालत जाण्यासारखी आहे पण चढ आहे, बाबांच्या गुडघ्यांसाठी आम्ही टेरेस गार्डन्समधून थांबत थांबत गेलो. वर पोचल्यावर रस्त्याच्या कडेने बाकांची लांबलचक रांग, आणि समोर एकदम सगळं उघडं पडतं. खाली पीटरशॅमचं कुरण, कुरणात खऱ्याखुऱ्या गाई चरतायत (लंडनमध्ये!), मग टेम्स, नदीत एक झाडांनी भरलेलं इवलंसं बेट, आणि नदी वळत वळत झाडांत गडप होते.

बाबांनी फोनमध्ये शुक्रवारचा लिबी हिलचा फोटो उघडला आणि हात लांब करून समोर धरला. आम्ही तिघे डोळे बारीक करून बघतोय. वळण खरंच तसंच आहे. म्हणजे अगदी कॉपी-पेस्ट नाही, आमची जेम्स जास्त रुंद आणि मातकट, इकडे झाडी इतकी की नदी कमी आणि हिरवं जास्त, तिकडे खाली रेल्वेचे रूळ आणि गोदामं. पण वळणाची जी गोलाई आहे आणि उंचावरून ती जशी दिसते, ती तीच. इतकी वर्षं मी ही गोष्ट म्हणजे टुरिझमवाल्यांचं काहीतरी असं समजत होते, आता बर्डची नजर चांगली होती असं म्हणायला हरकत नाही.

या दृश्याला कायद्याचं संरक्षण आहे. १९०१ मध्ये नदीपलीकडच्या मार्बल हिल इस्टेटवर घरं बांधायचं घाटत होतं, लोकांनी आरडाओरडा केला, आणि १९०२ मध्ये पार्लमेंटने खास कायदाच केला की इथून दिसणारं हे असंच राहायला पाहिजे. एका टेकडीवरून काय दिसतं यासाठी पार्लमेंटचा कायदा! आमच्याकडे लिबी हिलखाली नदीकाठी उंच बिल्डिंग येणार म्हटलं की दरवेळी मीटिंगा, सह्या, भांडणं, आणि तिथे लोक याच कायद्याचं उदाहरण देतात, हे मी ऐकलेलं होतं पण बाकावर बसल्यावर पटलं.

तिथून रिचमंड पार्क. पहिल्या चार्ल्सने १६३७ मध्ये शिकारीसाठी भिंत घालून बंदिस्त केलेलं रान, अडीच हजार एकर, सहाशेच्या वर हरणं. हरणं आमच्याकडे बॅकयार्डमध्ये येऊन टोमॅटोची रोपं खातात त्यामुळे मला त्यांचं कौतुक शून्य, पण बाबांनी पंचवीस फोटो काढले. पार्कात किंग हेन्रीज माउंड म्हणून एक उंचवटा आहे, तिथे दुर्बीण लावलीय, आणि हॉलीच्या झाडीत मुद्दाम राखलेल्या भोकातून बरोबर दहा मैलांवरच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट दिसतो. मधे काही बांधू देत नाहीत. पण घुमटाच्या मागे, पार स्ट्रॅटफर्डला एक टॉवर उभा राहिला आणि तो आता घुमटाच्या पाठीमागून डोकावतो, त्यावरून २०१६ मध्ये बराच गदारोळ झाला होता. मागे काय बांधायचं ते नियमात नव्हतं म्हणे. नियम करणारे जगात सगळीकडे सारखेच.

आठव्या हेन्रीने या उंचवट्यावर उभं राहून आपल्या राणीचं, अ‍ॅन बोलीनचं डोकं उडवल्याच्या इशाऱ्याची वाट बघितली अशीही दंतकथा आहे. त्या दिवशी संध्याकाळी तो होता विल्टशरला. बाबांनी ही कथा आनंदाने खोडून काढली.

येताना एका पबची पाटी दिसली, लास ऑफ रिचमंड हिल (लास म्हणजे पोरगी). १७८९ चं गाजलेलं इंग्लिश गाणं, त्यावरून नाव. इथल्या लोकांचं म्हणणं ही पोरगी आमच्या टेकडीवरची. हे लक्षात ठेवा, गुरुवारी लागेल.

मंगळवार

यॉर्कशरच्या रिचमंडला रेल्वेच नाही. होती, १९६९ मध्ये बंद झाली. त्यामुळे तिकिटाच्या अ‍ॅपमध्ये रिचमंड टाकलं की लंडनचंच येतं, मूळ गाव लिस्टमध्ये नाहीच! किंग्स क्रॉसहून डार्लिंग्टन, साधारण अडीच तास, आणि तिथून बस.

ट्रेनमध्ये बाबांनी वैशूताईने दिलेल्या मेथीच्या पराठ्यांचा डबा उघडला आणि विषय काढला. आपल्याकडे पिंपळगावं किती आहेत, गोंधळ होतो का कधी? बसवंत जोडा, हरेश्वर जोडा, नाहीतर सरळ बुद्रुक आणि खुर्द करून मोकळे व्हा. मग या रिचमंडांमधलं बुद्रुक कुठलं आणि खुर्द कुठलं? मंदार म्हणाला आमचं बुद्रुक, लोकसंख्या २ लाख २६ हजार, राज्याची राजधानी. लंडनवाले म्हणतील आमच्याकडे राजवाडा होता (आणि त्यांच्या बरोला, म्हणजे शहराच्या प्रशासकीय विभागाला, ऑफिशियली रिचमंड अपॉन टेम्स म्हणतात, म्हणजे नदी जोडली, आपलीच पद्धत). आणि मूळ गावाची वस्ती जेमतेम आठ हजाराच्या आसपास. आपल्या हिशोबाने ते खुर्द. बाबांना हे काही मान्य झालं नाही.

डार्लिंग्टनहून बस शेतांमधून, दगडी कुंपणांमधून जाते, आणि गावात शिरताना एकदम चढ. मार्केट प्लेस बघून मात्र मी गप्प झाले. मोठ्ठा उतरता चौक, सगळा गोटे बसवलेला, ट्रॉली बॅग ओढताना दात वाजतात, मधे ट्रिनिटी चॅपल, ज्यात आता ग्रीन हॉवर्ड्स या पलटणीचं म्युझियम आहे, आणि एक दगडी ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत जाणारा खांब, १७७१ चा, त्याच्या खाली गावाची पाण्याची टाकी होती. मोठ्या गावाच्या तोऱ्यात बांधलेला चौक आणि माणसं मात्र मोजकी.

आमचं बी अँड बी (राहायला खोली आणि सकाळचा नाश्ता) फ्रेंचगेट नावाच्या रस्त्यावर. गेट म्हणजे दरवाजा नाही, या भागात जुन्या नॉर्स भाषेतून आलेला गेट म्हणजे रस्ता. फ्रेंच लोकांची आळी. कुठले फ्रेंच, ते उद्या. मालकीणबाई सत्तरीच्या, बोलण्याचा टोन असा की पहिले दहा मिनिटं मला काहीच कळेना आणि बाबांना सगळं कळतंय. कुठून आलात विचारलं, रिचमंड म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "कुठल्या?" म्हणजे रोजचंच आहे त्यांना.

बुधवार

किल्ला. स्वेल नदीच्या वर उभ्या कड्यावर, खालून बघितलं तर खडक कुठे संपतो आणि भिंत कुठे चालू होते कळत नाही. नदी पाण्याने भरलेली नव्हती तरी चांगली खळाळत होती, इंग्लंडमधल्या सगळ्यात वेगवान नद्यांत तिचं नाव घेतात.

१०६६ मध्ये नॉर्मन विल्यमने इंग्लंड घेतलं हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पुढचं नसतं वाचलेलं. उत्तरेतल्या लोकांनी उठाव केले, तर १०६९-७० च्या हिवाळ्यात विल्यमने यॉर्कशर जाळून काढलं, पिकं, गुरं, गावं, सगळं. नंतर १०८६ ची जी मोजणी झाली, डूम्सडे बुक, त्यात या भागातल्या गावांपुढे उजाड, उजाड असं लिहिलेलं आहे. ही उजाड जमीन विल्यमने ज्याला दिली तो अ‍ॅलन रूफस, म्हणजे तांबड्या केसांचा अ‍ॅलन, ब्रिटनीच्या राजघराण्यातला. त्याने १०७१ च्या सुमारास इथे दगडी किल्ला बांधायला घेतला. त्याआधी या जागेला हिंड्रेलाग म्हणत असावेत असं मानतात. नवीन मालकाने फ्रेंचमध्ये नाव दिलं, रिश मों, भक्कम डोंगर. नॉर्मंडीत रिशमों नावाचं गाव आधीपासून आहे, म्हणजे बहुधा हेसुद्धा कॉपीच! बाबा एकदम हताश. मूळ म्हणून इथवर आलो तर याच्याही मागे आहेच.

किल्ला आत त्रिकोणी आहे. कोपऱ्यातला स्कॉलंड्स हॉल अकराव्या शतकातला, इंग्लंडमध्ये उरलेल्या सगळ्यात जुन्या दिवाणखान्यांपैकी. छप्पर नाही, वरच्या मजल्याच्या तुळया जिथे बसायच्या ती भोकं भिंतीत ओळीने दिसतात, एकात कावळ्यासारख्या पक्ष्याचं घरटं होतं. आणि शंभर फुटी बुरुज, बाराव्या शतकात अ‍ॅलनच्याच घराण्यातल्या कोनानने बांधलेला, जुन्या मुख्य दरवाज्याच्या डोक्यावर. जिना भिंतीच्या आतून जातो, अरुंद आणि अंधारा, बाबांना म्हटलं तुम्ही खाली बसा, तर ते माझ्या आधी वर. वरून सगळं गाव, चौक, नदीचं वळण, लांबवर मोकळी माळरानं. हो, इथेही नदीला वळण आहे! पण बर्डने हे बघितलं होतं असं कुठे नाही, आणि हेन्रीनेही नाव दिलं ते ही टेकडी डोळ्यांसमोर ठेवून नाही.

मला वर उभं राहून हेच वाटत होतं की नाव पसरलं त्यात या गावाचा हात फार थोडा. अ‍ॅलनच्या जमिनी म्हणजे रिचमंडची जहागीर, जहागिरीवरून उपाधी, उपाधी ब्रिटनीच्या ड्यूकांकडे, मग ट्यूडरांकडे, आणि एकदा ती राजाकडे पोचली की मग नुसती सोय झाली. आठव्या हेन्रीने आपल्या अनौरस मुलाला १५२५ मध्ये ड्यूक ऑफ रिचमंड केलं. दुसऱ्या चार्ल्सने १६७५ मध्ये परत आपल्या अनौरस मुलाला, चार्ल्स लेनॉक्सला. त्याची आई लुईज द केरुआय, ती परत ब्रिटनीचीच. या लेनॉक्सच्या नावाने १६८३ मध्ये न्यूयॉर्कचं स्टेटन आयलंड झालं रिचमंड काउंटी, आणि बरोचं अधिकृत नाव तर १९७५ पर्यंत रिचमंडच होतं. यातल्या कुणालाही हा चौक, हा कडा आठवत असेल असं मला वाटत नाही. गाव इथेच बसून राहिलं, नाव बाहेर फिरून आलं.

उतरल्यावर बुरुजाला लागून एक छोटी कोठडीची इमारत आहे. १९१६ मध्ये सक्तीची लष्करभरती आली तेव्हा लढायला नकार देणाऱ्यांना इथे कोंडलं होतं. कुणी धर्मामुळे, कुणी समाजवादी म्हणून. त्यांनी भिंतींच्या चुन्यावर पेन्सिलीने चित्रं, भजनं, नावं लिहिलीत, आणि तो चुना आता इतका भुसभुशीत झालाय की फार जपावं लागतं, आम्ही फोटोच बघितले. त्यातल्या सोळा जणांना जबरदस्तीने फ्रान्सला नेलं, तिथे हुकूम मोडला म्हणून मृत्युदंड सुनावला आणि मग तो बदलून दहा वर्षं सक्तमजुरीची शिक्षा केली. रिचमंड सिक्स्टीन म्हणतात त्यांना. एक जण सँडरलँडच्या राखीव टीममधला फुटबॉलपटू होता. बाबा या बोर्डपुढे सगळ्यात जास्त वेळ उभे होते, क्रिकेटपेक्षाही जास्त.

रात्री बी अँड बीची व्हिजिटर्स बुक चाळली. अर्धी पानं रिचमंडवाल्यांची. रिचमंड, टास्मानिया, जिथे कैद्यांकडून १८२३ ते १८२५ मध्ये बांधून घेतलेला दगडी पूल अजून वापरात आहे. रिचमंड, मेलबर्न, हे आपल्याला एमसीजीच्या शेजारचं स्टेशन म्हणून माहिती, ते नाव लंडनच्या रिचमंड हिलवरून. रिचमंड, ब्रिटिश कोलंबिया, व्हँकूवरचा एअरपोर्ट जिथे आहे ते, तिथल्या एका शेतकऱ्याच्या मुलीने ऑस्ट्रेलियातल्या आवडत्या जागेवरून शेताला रिचमंड व्ह्यू म्हटलं आणि ते गावाला चिकटलं असं सांगतात. म्हणजे बघा, नॉर्मंडी, यॉर्कशर, लंडन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आणि मधे कुणीच मागे वळून बघितलेलं नाही.

आणि रिचमंड, ऑन्टारियो. हे चौथ्या ड्यूकच्या नावाचं, वर सांगितलेल्या लेनॉक्सच्या वंशातला. हाच तो ज्याने अर्ल ऑफ विंचेल्सीबरोबर थॉमस लॉर्डला पैशाची हमी दिली आणि त्यातून १७८७ मध्ये लॉर्ड्सचं पहिलं मैदान उभं राहिलं. त्याच्या बायकोने ब्रुसेल्सला दिलेला बॉल (क्रिकेटचा नाही, नाचाचा) म्हणजे वॉटर्लूच्या लढाईच्या आधीची ती प्रसिद्ध पार्टी. पुढे हा कॅनडाचा गव्हर्नर जनरल झाला, पाळलेला कोल्हा चावला, आणि १८१९ च्या ऑगस्टमध्ये दौऱ्यावर असताना रेबीजने तडफडून मेला, स्वतःच्याच नावाच्या त्या नव्या गावाजवळ. बाबांनी मालकीणबाईंना ही गोष्ट सांगितली, त्यांच्या इंग्लिशमध्ये, हातवारे करून, कोल्ह्याच्या चावण्यासकट. बाईंना माहिती नव्हती. त्यांनी परत शेजारणीला बोलावून ऐकवायला लावली.

गुरुवार

सकाळी नदीकाठाने ईझबी अ‍ॅबीपर्यंत चालत गेलो, मैलभर असेल, वाट सावलीची आणि बरीचशी सपाट. ११५२ मध्ये स्थापन झालेला मठ, आठव्या हेन्रीच्या काळात मोडला, आता नुसत्या कमानी. वाटेत एक दगड आहे, सैनिकांनी किल्ल्याखालच्या भुयारात एका छोट्या ढोलवाल्या पोराला सोडलं आणि वरून त्याच्या ढोलाचा आवाज ऐकत चालले, आवाज थांबला तिथला तो दगड. अशीच गोष्ट मी साताऱ्याकडेही ऐकलीय, भुयार असलं की त्यात कुणीतरी हरवतंच.

परत आल्यावर बाबांना हिल हाउस बघायचं होतं. सोमवारच्या पबवालं गाणं लिहिलं लेनर्ड मॅकनॅली या डब्लिनच्या वकिलाने, आणि ज्या फ्रान्सिस आयअ‍ॅन्सनसाठी लिहिलं तिचं घर हे, यॉर्कशरच्या रिचमंडातलं हिल हाउस. १७८७ मध्ये त्यांचं लग्न झालं, दोन वर्षांनी गाणं लंडनच्या व्हॉक्सहॉल गार्डन्समध्ये गाजलं, आणि लंडनवाल्यांना रिचमंड हिल म्हटलं की आपलीच टेकडी. मालकीणबाई यावर सकाळी नाश्त्याला इतक्या तावातावाने बोलल्या की माझं अंडं गार झालं. मॅकनॅलीचं पुढचं त्यांनी सांगितलं नाही, ते बाबांनी शोधलं. आयर्लंडच्या बंडखोरांचा हा वकील, कोर्टात त्यांच्या बाजूने उभा राहायचा आणि बाहेर सरकारला त्यांच्याच बातम्या विकायचा, १८२० मध्ये मेल्यावर उघडकीला आलं. एवढं समजल्यावर बाबा म्हणाले, "गाणं लंडनला देऊन टाका."

जुन्या स्टेशनच्या इमारतीत आता सिनेमा, बेकरी, आइस्क्रीम असं सगळं आहे, तिथे दोन तास काढले आणि बसने निघालो. कुणाला जायचं असेल तर अ‍ॅपमध्ये डार्लिंग्टन टाका, मार्केट शनिवारी असतं त्यामुळे आमच्यासारखं मंगळवार-बुधवार करू नका, आणि चाकांच्या बॅगेऐवजी पाठीवरची घ्या.